अक्काच्या अंगठ्याचं नख

मानवी शरीर हा निसर्गाने उभारलेला अभेद्य दुर्ग आहे, आणि त्याच्या तटावर कोट्यवधी सैनिक रात्रंदिवस, कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, पहारा देत असतात.

हे वाक्य माझं आहे. गेल्या भाद्रपद पौर्णिमेला टेंभुर्णीच्या विहारात, साधारण चाळीस माणसांसमोर, मी ते म्हटलं. 'दुर्ग' या शब्दाला ध्वनिक्षेपकाने लांब शिट्टी मारली, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. दोनदा म्हटल्यामुळे ते जास्त खरं वाटलं असावं. निदान पहिल्या रांगेतल्या एका बाईला तरी वाटलं, आणि ती माझी थोरली बहीण होती.

वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि पौर्णिमेला एखादा वक्ता बोलावतात. मी जालन्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. राहतो जालन्यातच, मस्तगडात, पण मूळ गावचाच, आणि बोलावलं की येतो. एवढ्या गुणांवर माझी निवड झाली. भाषण दुपारी बाराला ठेवलं होतं. ती सोय माझी नव्हती, कपाशीची होती. आमच्याकडे संकरित बियाण्याचे प्लॉट असतात. सकाळी बायका फुलांवर दुसऱ्या वाणाचा पराग घासतात, दुपारी दोननंतर उद्याच्या कळ्या खुडतात. मधले दोन तास काय ते माणसांचे. कळ्यांना पौर्णिमा कळत नाही.

मंचामागे फ्लेक्सचा फलक होता. त्यावर माझा फोटो होता, 'रोगप्रतिकारशक्ती : शरीराचे अभेद्य कवच' असा विषय होता आणि माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं होतं. मी डॉक्टर नाही. कोणत्याच अर्थाने नाही. कार्यकर्त्यांना ते अक्षर शोभेसाठी लागलं असावं. दुरुस्ती सांगायला माझ्याकडे दहा मिनिटं होती. ती मी शाल खांद्यावर नीट बसवण्यात घालवली. इतरांच्या सत्कारांबद्दल मी आयुष्यभर जे बोलत आलो, त्यातलं काहीही त्या दहा मिनिटांत मला आठवलं नाही.

भाषण चाळीस मिनिटं चाललं. बोटात काटा रुतला की पुढे काय काय घडतं, ते मी सांगितलं. कातडी फाटते, जंतू आत शिरतात, तिथल्या पेशी रसायनं सोडून हाक देतात. आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंती सैल पडून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज येते. तिथले मज्जातंतू डिवचले जातात, म्हणून ठणका लागतो. त्याच सैल भिंतींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. त्यांचा खच म्हणजे पू. लाली, ऊब, सूज आणि ठणका, ही दाहाची चार लक्षणं वैद्यांनी फार पूर्वी लिहून ठेवलेली आहेत. पाचवं नंतर जोडलं गेलं, ते म्हणजे त्या अवयवाचं काम थांबणं. पाचवं मी घाईत सांगितलं, कारण चहा आला होता.

आणि मग शेवट म्हणून म्हणालो, "सूज आली म्हणून घाबरून जाऊ नका. सूज म्हणजे मदत पोचल्याची खूण. शरीर आपलं आपण बरं होत असतं."

टाळ्या पडल्या. अक्का टाळ्या वाजवत नव्हती. तिचा उजवा हात पांढऱ्या लुगड्याच्या पदराखाली होता. मला वाटलं, बहीण भारावली आहे. पदराखाली त्या वेळी चारही लक्षणं हजर होती.

ते मला कळलं तिच्या घरी गेल्यावर. तिने चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. आमच्या आईने डाव्या हाताने दिलेलं मीठसुद्धा परत ठेवायला लावलं होतं, आणि अक्का त्या बाबतीत आईपेक्षा कडक. मी कप घेतला नाही.

"उजवा दाखव."

"चहा घे आधी. निवून राह्यला."

"अक्का, हात दाखव."

तिने पदर बाजूला केला. अंगठ्याला मेंदी थापलेली होती, पेरापासून तळापर्यंत. मेंदीच्या आत अंगठा दीडपट झाला होता आणि कातडी ताणून चकाकत होती. नखाच्या कडेने पिवळट पट्टी दिसत होती.

"कोणाचं लग्न आहे?" मी म्हणालो. घाबरलो की मी असलं काहीतरी बोलतो.

"नखुरडं झालंय. थंडावा म्हनून लावली मेंदी. चार दिस झाले."

मेंदी लावायची आमच्याकडे पद्धतच आहे. तिने आग कमी वाटते हे खरं. पण मेंदी स्वतः लाल. तिच्याखाली लाली किती आहे, वाढते आहे की घटते आहे, ते बघायची सोय उरत नाही. मी तिचा हात उजेडाकडे फिरवला. मनगटाच्या आतल्या बाजूने, जिथे मेंदी नव्हती, तिथून एक लालसर पट्टा कोपराकडे निघाला होता. बोटभरही रुंद नव्हता. सावळ्या कातडीवर तो पटकन दिसतही नव्हता. हात लावला तर बाकीच्या हातापेक्षा गरम लागला.

त्या पट्ट्याचा अर्थ मला ठाऊक होता. जखमेतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या सुजल्या की कातडीवर अशी रेघ उमटते. म्हणजे प्रकरण अंगठ्यात राहिलेलं नाही, रस्त्याला लागलं आहे.

"काखेत काही आहे?"

"अवधान आलंय ना. परवापासून. सुपारीएवढं."

अवधान म्हणजे काखेतली गाठ. अशा गाठीत रक्षक पेशी जमतात, आलेल्या पाहुण्यांची तपासणी करतात, कोणाशी कसं वागायचं ते ठरवतात. गाठ सुजली म्हणजे तपासणीच्या नाक्यावर गर्दी झाली. भाषणात हा भाग मी चांगला रंगवला होता.

"आत्ता जालन्याला चल. दवाखान्यात."

"काहून? दोनला कळ्या खुडायच्यात."

"अक्का, हे पसरतंय. तुला शुगर आहे."

"शुगर सगळ्यालाच हाय." ती अगदी शांत होती. "आन् तूच तर म्हनला आत्ता, सूज म्हंजी मदत आली. चाळीस माणसाइदेखत म्हनला. मंग येऊ दे की मदत. करू दे तिला काम."

"ते सर्वसाधारण बोलणं होतं."

"फलकावर डाक्टर लिव्हलंय तुला. आता घरात डाक्टर असताना जालन्याला जाऊ व्हय?"

बाजेवर माझी शाल नीट घडी करून ठेवलेली होती. अक्काची सूनबाई दारात उभी होती. ती पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती, ते कळलं नाही. नंतर समजलं, चार दिवस तीच सासूला दवाखान्याचं सांगत होती, आणि माझ्या भाषणानंतर तिने आशा सोडली होती.

दोन वाजता अक्का उठली आणि सरळ प्लॉटवर गेली. प्लॉट घरामागेच आहे. मी मागोमाग, सूनबाई माझ्या मागे.

हे काम ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उद्या उमलणारी कळी आज हातात धरायची. अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी घालून गोल फिरवायचं आणि पाकळ्या व पुंकेसर टोपीसारखे एकदम उतरवायचे. आतला कोवळा दांडा मात्र जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे. त्याला नखाचा ओरखडा जरी लागला तरी बोंड धरत नाही. यासाठी अजून तरी अंगठ्याच्या नखासारखं हत्यार निघालेलं नाही. अक्का ते नख आषाढापासून वाढवते, पायरीच्या दगडावर घासून त्याला धार आणते, आणि हंगामभर त्या हाताने भांडीसुद्धा घासत नाही. तिची एक कळी मोडलेली मी पाहिली नव्हती. त्याच नखाच्या कोपऱ्यात कळ्यांचा चीक आणि माती जाऊन जाऊन चीर पडली होती. माझ्या अभेद्य दुर्गाला तेवढी वाट पुरली होती.

तिने कळी धरली. अंगठा वाकेना. तिने ओठ दाबून पुन्हा धरली, नख टेकवलं आणि झटक्यात हात मागे घेतला. मग डाव्या अंगठ्याने प्रयत्न केला. पाकळ्या उतरल्या, पण दांडाही मोडून बरोबर आला. ती मोडकी कळी तिने तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आत्याबाई, मी करते ना," सूनबाई म्हणाली.

"तुझ्यानं होतंय व्हय. तू दहातल्या तीन मोडती."

"मोडू द्या तीन. सात तर ऱ्हातील."

अक्का बांधावर बसली. चार लक्षणं तिने चार दिवस पदराखाली ठेवली होती, कारण त्यांना ती आजार मानतच नव्हती. आजार तिच्या लेखी पाचव्यापासून सुरू होत होता. जे मी चहा आला म्हणून उरकलं होतं.

"चल," ती म्हणाली. "पर लुगडं बदलू दे. चिकाच्या हातानं पांढरं लुगडं मळलं."

जालन्याला पोचायला दीड तास लागला. गाडीत मी दर दहा मिनिटांनी तिच्या हाताकडे बघत होतो. दर वेळी पट्टा थोडा वर सरकल्यासारखा दिसे, मग रस्ता वळला, उजेड बदलला की पुन्हा खाली. गोगलगाय चालताना बघावी तसं ते होतं. हलताना दिसत नाही, पण नजर काढायची हिंमत होत नाही.

"मला कामून बघून राह्यला सारखा?"

"थंडी वाजते का?"

"तुला वाजती काय?"

नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, एका लहान दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई आहेत, शस्त्रक्रिया करणाऱ्या. त्यांनी अंगठा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "मेंदी कोणी लावली? लाली कुठे संपते ते मला कसं दिसणार?"

"थंडावा म्हनून," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "ह्यो माझा भाऊ. ह्यो बी डाक्टरच हाय."

"कशातले?" बाईंनी आदराने विचारलं.

"फलकावरचा," मी म्हणालो.

त्यांनी शुगर तपासली. यंत्राने साडेतीनशेच्या वरचा आकडा दाखवला. ताप होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पू बहुधा नखाखाली गेला आहे, नख काढावं लागेल, आणि दोन दिवस इथेच राहावं लागेल.

"नख सोडून बोला," अक्का म्हणाली.

"मावशी, नख पुन्हा येतं."

"येतं. पर कवा?"

बराच वेळ वाद चालला. अक्का कुणाच्या आवाजाने दबत नाही आणि बाई आवाज चढवत नाहीत, त्यामुळे तो तासभर चालू शकला असता. शेवटी बाईंनी नखाच्या कडेला छेद देऊन थोडा पू काढला, शिरेतून औषध दिलं, आणि मनगटाच्या वर, कोपराच्या अलीकडे, पट्टा जिथे संपत होता तिथे पेनाने आडवी रेघ मारली.

"उद्या सकाळी नऊला यायचं. लाली या रेघेच्या खाली राहिली तर नख ठेवू. रेघ ओलांडली तर नख काढायचं आणि इथे राहायचं. मान्य?"

"मान्य."

"आणि आज राहत नाही म्हणताय, त्याची इथे सही करा."

अक्काने डाव्या हाताने सही केली. बाई मग मला म्हणाल्या, "थंडी भरून आली, श्वास भराभर चालला, किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर नऊची वाट बघू नका. लगेच घेऊन या."

अक्काला मी मस्तगडात माझ्या घरी आणलं. आता जे सांगतो ते मी भाषणात सांगितलं नव्हतं, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

मला जंतूंची भीती वाटत नव्हती. निदान तेवढी नव्हती. जंतू रक्तात शिरले तर शरीर तोच उपाय करतं जो अंगठ्यात केला होता. रक्तवाहिन्या रुंद करायच्या, भिंती सैल करायच्या. अंगठ्यापुरतं हे बरं असतं. पण साऱ्या अंगात एकदम झालं तर रक्ताचा दाब खाली बसतो, मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही, फुप्फुसांत पाणी उतरतं. माणूस मरतो तो बहुतेकदा या गोंधळात. एका घरात साप निघाला म्हणून सारं गाव काठ्या घेऊन धावावं आणि साप सापडेना म्हणून घरच पाडावं, तसं. त्यात अंगात साखर जास्त असली की याच पांढऱ्या पेशी जागेवर पोचायला उशीर करतात, पोचल्या तरी नीट गिळत नाहीत. म्हणजे साप मारायला सुस्त आणि घर पाडायला तयार. अशा फौजेच्या भरवशावर माझी बहीण माझ्या पुढच्या खोलीत पंख्याखाली बसून भुईमुगाच्या शेंगा डाव्या हाताने फोडत होती.

मी तासातासाला ताप बघितला. घड्याळ धरून श्वास मोजले. पहिल्यांदा मिनिटाला अठरा भरले. दुसऱ्यांदा बावीस. तिसऱ्यांदा तिने डोळे वटारले आणि श्वास धरूनच ठेवला.

"काय मोजून राह्यला?"

"काही नाही. अक्का, आज वार कोणता?"

"तुला इसरायला झालं का?"

"तू सांग."

"पौर्णिमा हाय आज. वाराचं काय करायचं?"

हे असंबद्ध म्हणायचं की नाही, मला ठरवता येईना. अडचण अशी होती की अक्काचं रोजचं बोलणंही कुणी पहिल्यांदा ऐकलं तर दवाखान्यात न्यावंसं वाटेल असंच असतं. मी तिला आमच्या बालपणीच्या दोन गोष्टी विचारल्या. दोन्हींत तिने माझ्याच आठवणी चुकीच्या असल्याचं सांगितलं, पुराव्यानिशी. थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. अक्काने आधी कळ्यांचं विचारलं.

"झाल्या आत्याबाई. शेजारच्या दोघी आल्त्या मदतीला."

"मोडल्या किती?"

"मोजल्या न्हाई," सूनबाई म्हणाली. ती शहाणी मुलगी आहे.

झोपायच्या आधी मी विजेरीने रेघ बघितली. लाली रेघेला टेकलेली होती, ओलांडलेली नव्हती. निदान मला तसं वाटलं. रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती झोपली, मी झोपलो नाही.

पहाटे साडेपाचला डोळा लागला असावा, कारण सातला जागा झालो तेव्हा न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. अक्का बाहेर आली. केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ, पट्टी बांधलेल्या अंगठ्याला प्लास्टिकची पिशवी. मी आधी हात धरला.

हात स्वच्छ होता. कोपरापर्यंत.

"अक्का, रेघ कुठंय?"

"पुसली."

"पुसली?"

"साबनानं घासली चांगली. शाईचा डाग घेऊन जावं व्हय डाक्टरापुढं? काय म्हनतील, कोन्या घरची बाई हाय."

माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून तिची बाजू घेतली. दवाखान्यात जाताना माणसाने स्वच्छच जावं, असं तिचंही मत पडलं. मलाच विचारा, मीही आयुष्यात कधी न अंघोळता डॉक्टरकडे गेलेलो नाही. आमच्या सगळ्यांच्याच मनात डॉक्टर हा तपासायला नसतो, बघायला आलेला पाहुणा असतो. दात दाखवायचे तर दोनदा घासून जायचं. पाय दाखवायचा तर जखम धुऊन, पावडर लावून जायचं. आजार दाखवायचा, पण नीटनेटका करून. तिने तेवढंच केलं होतं. आणि तिच्या हातावर जपून ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती नेमकी त्यात गेली होती.

लाली होती. रेघ नव्हती. लाली वर सरकली की जागेवर आहे, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. रात्रभर मी त्या हाताकडे बघितलं होतं, पण रेघ कोपरापासून किती बोटं खाली होती ते मोजलं नव्हतं. तीन बोटं? चार? आणि कुणाची? एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो, नोंद लगेच करा, डोक्यात ठेवू नका.

"मंग काढ की तू," अक्का म्हणाली. "तूच बघत व्हता रातभर. तुला ठाव असंल."

मी पेन आणलं. हात वर धरला. माझी नजर लाली जिथे संपत होती तिथे गेली, आणि पेन आपोआप तिच्या दोन बोटं वर. उत्तर आधी माहीत असलं की पोरं प्रयोगाच्या वहीत आकडे तसेच बसवतात. त्यासाठी मी कितीतरी वह्या फाडल्या आहेत. मला वाटत होतं की रेघ खरंच तिथेच होती. हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही, आणि खोटंही सांगत नाही. ती तिथे असती तर अक्काचं नख राहणार होतं, आणि नख राहिलं असतं तर माझं भाषण फारसं चुकलं नसतं.

रेघ काढून आम्ही नऊला दवाखान्यात गेलो.

बाईंनी हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"ही रेघ माझी नाही."

"कशावरून?"

"मी मोजपट्टी लावून रेघ काढत नाही."

मी खरोखरच मोजपट्टी लावली होती. सवय. मग सगळं सांगितलं. साबण, शाई, दोन बोटं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावून ते खिशात ठेवलं, आणि ते मला जास्त लागलं.

"पक्की पायजे व्हती तर मेंदीनं काढायची," अक्का म्हणाली. "शाई काय, पुसतीच."

"मावशी," बाई म्हणाल्या, "लाली वाढली की नाही ते आता मला सांगता येत नाही. सांगता येत नसताना मी वाट बघत नाही. तुमचा ताप उतरलेला नाही. नख आज काढायचं."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं, फलकावरच्या नात्याने. मी म्हणालो, "काढू दे, अक्का."

"तू तर म्हनला व्हता का शरीर आपलं आपण..."

"चुकीचं म्हणालो होतो. अर्धंच म्हणालो होतो."

ती टेबलावर झोपली आणि तोंड भिंतीकडे केलं. बधिर करायचं इंजेक्शन देताना तिने एकदाच 'माय' म्हटलं. मी बाहेर उभा होतो. दार अर्धं उघडं होतं. स्टीलच्या ताटलीत काहीतरी हलकं पडल्याचा आवाज आला.

नखाखाली पू होता, बराच. बाईंनी मला बोलावून दाखवला. "हा आतच राहिला असता तर औषध किती दिलं तरी पोचलं नसतं," त्या म्हणाल्या. हेही मला माहीत असायला हवं होतं. मेलेल्या पेशींचा खच एवढा साचतो की त्यात ताजं रक्त शिरत नाही, आणि रक्त नाही तर औषधही नाही. लढणाऱ्यांनीच वाट अडवलेली असते.

अक्का दोन दिवस दवाखान्यात राहिली. शिरेतून औषध, पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन. बाईंनी नवी रेघ मारली आणि तिच्याखाली वेळ लिहिली. अक्काने त्या हाताला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पहिल्या संध्याकाळी लाली रेघेपाशीच होती. मी दर अर्ध्या तासाने बघत होतो आणि नर्सबाई मला बाहेर बसवत होत्या. दुसऱ्या सकाळी ती बोटभर खाली आली. दुपारी मनगटाजवळ. ताप उतरला. काखेतली गाठ सुपारीची चिंचोक्याएवढी झाली.

दाह सुरू कसा होतो यावर मी चाळीस मिनिटं बोललो होतो. थांबतो कसा, यावर एक वाक्यही नाही. थांबणं आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी रसायनं लागतात, वेगळ्या पेशी लागतात. त्या येऊन मेलेल्यांना उचलतात, झिरपलेल्या पाण्याला वाट करून देतात, धावत येणाऱ्यांना परत फिरवतात. काही पेशी या जंतूची ओळख पुढे कित्येक वर्षं जपून ठेवतात. हे सगळं अक्काच्या हातात चाललं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिची सारी चौकशी एकाच गोष्टीची होती.

तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, सूनबाईचा फोन आला.

"आत्याबाई, आता दहातली एकच मोडून राह्यली."

"एक बी काहून मोडती?" अक्का म्हणाली. पण तिचा आवाज बराच मऊ होता.

"मामाला इच्यारा, त्यांचा फलक विहारातून आणलाय म्या, कडब्यावर टाकायला. चालंल ना?"

"चालंल," अक्काने मला न विचारताच सांगितलं. मग फोन ठेवून ती पट्टीतल्या अंगठ्याकडे बघत राहिली. बोटांवर दिवस मोजले, डाव्या हाताच्या.

"आन् तुझी ती फौज," ती म्हणाली, "कोट्यावधी का काय. नख किती दिसात आणून देती?"

मी सांगतो म्हणालो आणि खिडकीपाशी जाऊन फोनवर शोधलं, कारण मला ते माहीत नव्हतं.

कळ्यांचा हंगाम संपायला अठरा दिवस उरले होते. हाताच्या बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं.